भुतांची बदली चाकणला करा

मराठी भुताचा पत्ता शेंबड्या पोरालाही पाठ असतो. कोकणातलं गाव, पडका वाडा, मागे विहीर, विहिरीवर पिंपळ. तिथी अमावास्येची. मुंबईहून मोटारीने आलेला एक तरुण आणि 'तिकडं जाऊ नका साहेब' म्हणणारा एक म्हातारा.

तरुण जातोच.

हा महिना मी भयकथा, रहस्यकथा, थरारकथा आणि विज्ञानकथा यांच्यातच काढला. नारायण धारप, रत्नाकर मतकरी, बाबूराव अर्नाळकर, सुहास शिरवळकर, जयंत नारळीकर, अलीकडचे हृषीकेश गुप्ते. परदेशातून स्टीफन किंग आणि जपानचा केइगो हिगाशिनो. वाचनाची जागा पिंपरी-चिंचवड. कधी पीएमपीच्या बसमध्ये, कधी नाशिक फाट्यावर, बरंचसं चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत. त्या कोंडीत जाडजूड कादंबरीही आरामात पुढे सरकते, गाडी मात्र जागची हलत नाही.

वाडे भरपूर भेटले. पत्र्याची शेड एकदाही भेटली नाही.

आणि मी राहतो तिथे शेडच शेड आहेत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत १९५४ साली आली. मागोमाग टेल्को आली, बजाज आली, त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉपं आली. मग चाकण, तळेगाव, रांजणगाव. लाखो माणसं इथे तीन पाळ्यांत जगतात. सत्तर वर्षं झाली या सगळ्याला.

इतक्या वर्षांत एकाही भुताला इथे नोकरी लागू नये?

आधी एक जुनी समजूत मोडून काढू. रहस्यकथा म्हणजे वेळ घालवायचं वाचन आणि साहित्य म्हणजे काहीतरी वेगळं, उंचावरचं, असं आपल्याला शाळेपासून सांगितलं गेलं. सांगणाऱ्यांतल्या कित्येकांना वाचनाची गोडी मात्र अर्नाळकरांनीच लावली होती. बाकांखाली लपवून वाचलं, मोठेपणी बाकावर उभं राहून नाकारलं.

अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांचं मुंबईत चष्म्याचं दुकान होतं आणि नावावर हजाराहून जास्त रहस्यकथा. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांची नावं एका पिढीला नातेवाइकांच्या नावांइतकी तोंडपाठ होती. मराठी माणसाला चष्मा आणि वाचन, दोन्ही या एका माणसाने लावलं. १९९६ मध्ये ते गेले. समीक्षेच्या ग्रंथांत त्यांच्या वाट्याला किती पानं आली, ते जाऊन बघा. फार वेळ लागणार नाही.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांची यादी काढा. अर्नाळकर नाहीत. धारप नाहीत. शिरवळकर नाहीत. मतकरी नाहीत. विज्ञानकथेला तो मान मिळाला २०२१ मध्ये, नाशिकच्या संमेलनात, नारळीकरांच्या रूपाने. त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेला तोवर जवळजवळ अर्धं शतक होत आलं होतं.

एवढा उशीर तर एसटीलाही होत नाही.

त्या पहिल्या कथेची गोष्ट तर रहस्यकथेत शोभेल अशी. साल १९७४. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली. नारळीकर तोवर जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ. आपल्या नावाच्या वजनाने परीक्षक दबतील, हे त्यांना नको होतं. त्यांनी ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. या जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं. नाव झाकलं की मराठी वाचक चांगली गोष्ट बरोबर ओळखतो. नाव आणि प्रकार दिसला की त्याचा गोंधळ उडतो.

आमच्या पिंपरीतही संमेलन झालं. ८९ वं, जानेवारी २०१६. त्याआधीचे दिवस अध्यक्ष श्रीपाल सबनीस यांच्या पंतप्रधानांवरच्या वक्तव्याच्या वादात गेले. संमेलन कारखान्यांच्या गावात भरलं होतं. कारखान्यातल्या माणसाची गोष्ट मराठीत का येत नाही, यावर वाद झालेला कुणाला आठवतो का?

वाद कशावर घालावा, हेही शिकायला हवं.

भयकथेवरचा नेहमीचा आक्षेप असा की ती उसनी असते. आहे ना, कबूल. गो. ना. दातारांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कथानकांना मराठी वेष चढवला आणि वाचकांनी त्या कादंबऱ्यांची पारायणं केली. धारपांची 'लुचाई' किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं गाव त्यांनी असं काही मराठी करून टाकलं, की वाचणाऱ्याला रात्री आपल्याच गावच्या वेशीकडे बघवत नाही. गोष्ट उसनी असेल, पण त्या पानांवर बसणारी दातखीळ शंभर टक्के आपली.

मतकरींनी पुढचं पाऊल टाकलं. वीसेक वर्षं त्यांनी बँक ऑफ इंडियात नोकरी केली, त्यामुळे मध्यमवर्गीय घर त्यांना आतून माहीत होतं. त्यांनी गूढ वाड्यातून काढलं आणि फ्लॅटमध्ये आणून बसवलं. आता भीती वाटायला पिंपळ लागेना. सख्खं मूल पुरेसं झालं.

गुप्ते यांच्या 'दंशकाल'मध्ये तर भय कुटुंबातच मुरलेलं सापडतं. दार लावून घेतलं तरी ते आतच असतं. इतकी ताकद असलेली कादंबरी निव्वळ 'भयकथाकाराची' म्हणून बाजूला ठेवणाऱ्याने स्वतःचंच नुकसान केलं.

म्हणजे कोकण झालं, वाडा झाला, मुंबईचा फ्लॅट झाला. पुढची बदली कुठे?

डोंबिवलीचा नंबर आधी लागला. २०२२ मध्ये आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' आला. एका बाजूला टॉवर, शेजारी झोपडपट्टी, मधे मुडदे. पाहताना मला हेवा वाटला, खरं सांगतो. आमच्या चिखलीत काय कमी होतं? टॉवर नाही? शेजारची वस्ती नाही?

आणि भयकथा विकली जात नाही, असं अजून कुणी म्हणत असेल तर त्याने 'तुंबाड'कडे बघावं. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटाची मुळं धारपांच्या कथेत, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून. २०१८ मध्ये आला तेव्हा थिएटरं जेमतेम भरली. २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. प्रेक्षक तयार होताच. उशीर झाला तो वितरकांना.

आता किंगकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथूनच निघतो.

किंग हा सुखवस्तू माणूस हवेलीत बसून भुतं रंगवतो, असं अनेकांना वाटतं. साफ चूक. शिकत असताना तो एका कापडगिरणीत राबला. नंतर औद्योगिक लाँड्रीत, जिथे हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी धुतल्या जातात. गिरणीचं तळघर साफ करताना दिसलेल्या भल्यामोठ्या उंदरांच्या गोष्टी त्याने सोबतच्या कामगारांकडून ऐकल्या. त्यातून 'ग्रेव्हयार्ड शिफ्ट' ही कथा झाली. लाँड्रीतल्या इस्त्रीच्या अजस्र यंत्रावरून 'द मँगलर'. ते यंत्र माणसं गिळतं. या सगळ्या कथांचा त्याचा पहिला संग्रह १९७८ मध्ये निघाला. नाव 'नाइट शिफ्ट'.

नाइट शिफ्ट! चाकणमध्ये हे पुस्तक वाचनालयात नाही, हजेरीपत्रकावर आहे.

हिगाशिनोचं उदाहरण तर आणखी जवळचं. हा माणूस इलेक्ट्रिकल इंजिनिअर. १९८१ मध्ये निप्पॉन डेन्सोत लागला. म्हणजे मोटारींचे सुटे भाग बनवणारी कंपनी. नोकरी सांभाळून रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. १९८५ मध्ये 'एदोगावा राम्पो' पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी नोकरी सोडली. 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' या त्याच्या कादंबरीवर आपल्याकडे २०२३ मध्ये 'जाने जाँ' हा हिंदी चित्रपट निघाला. जगात सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या रहस्यकथाकारांपैकी एक जण सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतून येतो.

सुटे भाग आम्हीही बनवतो. रहस्यकथाकार कुठे आहे?

माल नाही म्हणू नका. चला, दाखवतो.

प्रेस शॉप. पत्र्याला आकार देणारी पॉवर प्रेस. हिला दोन बटणं असतात, दोन्ही हातांसाठी एकेक. दोन्ही तळवे बटणांवर असल्याशिवाय ठोका पडत नाही. का? तर ठोका पडताना दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून. इतकी साधी, इतकी शहाणी रचना. आता टार्गेट वाढतं. तासाला इतके पीस निघालेच पाहिजेत. मग कुणीतरी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतं. एक हात मोकळा होतो. वेग वाढतो. मोकळा हात पीस काढायला आत जातो, बाहेर येतो, आत जातो, बाहेर येतो. रात्रीचे साडेतीन. डोळा लागतो.

पुढचं वाक्य लिहायला भूत लागत नाही.

या पट्ट्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभे राहा आणि ग्लास धरणाऱ्या हातांकडे बघा. बोटं मोजायची वेळ येईल. यापेक्षा जास्त अंगावर येणारं दृश्य महिनाभरात एकाही पुस्तकाने मला दिलं नाही. ती चिकटपट्टी कुणी लावली, कुणाच्या सांगण्यावरून लावली, अपघातानंतर पंचनामा व्हायच्या आत कुणी काढली? खून, हत्यार, हेतू, पुरावा नष्ट करणं. रहस्यकथेचं सगळं सामान एका मशीनवर मांडून ठेवलेलं आहे.

दुसरं. खोली बघा. कॉट बेसिस. नांदेडचा, लातूरचा, बिहारचा पोरगा येतो आणि खोली नव्हे, कॉट भाड्याने घेतो. काही ठिकाणी तर कॉटही पाळीप्रमाणे पालटते. पहिल्या पाळीचा रात्री झोपतो, तिसऱ्या पाळीचा दिवसा. एकच गादी, एकच उशी. दोघांची भेट कधीच होत नाही. एकाला दुसऱ्याची ओळख फक्त उशीवरच्या तेलाच्या वासाने. एके दिवशी वास बदलतो. खोलीवाला म्हणतो, तुझ्याशिवाय इथे दुसरं कुणी राहतच नव्हतं.

घ्या. सुरुवात मी केली, पुढचं तुम्ही लिहा.

तिसरं. गेटवरचं हजेरीचं यंत्र. अंगठा लावायचा, हिरवा दिवा लागला की आत. वर्षानुवर्षं लोखंड, कूलंट आणि रसायन हाताळून बोटांच्या रेषा झिजतात. मग अंगठा लागत नाही. माणूस समोर उभा, ओळखपत्र गळ्यात, वॉचमन नावाने हाक मारतो, पण यंत्र म्हणतं, हा तो नव्हे. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तर अंगठा शाबूत असला तरी काही महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो आणि नाव यादीतून गायब होतं. आपण आहोत हे सिद्ध करता न येणं, हीच तर भुताची व्याख्या.

हे भूत सात-बाऱ्यावरही भेटतं. चाकण, खेड, मावळात जमिनीला सोन्याचा भाव आला आणि वारलेली माणसं दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात येऊन सह्या करून जाऊ लागली. तोतया उभा करून जमीन विकण्याचे गुन्हे पोलिसांना नवे नाहीत. ज्या घरात आजोबांचं वर्षश्राद्ध झालंय, त्या घराला कळतं की आजोबांनी गेल्या महिन्यात खरेदीखत केलं. धारपांचा भुतांशी लढणारा 'समर्थ' या केसवर काय करील? मला तर आधी चांगला तलाठी शोधावा लागेल असं वाटतं.

भंगार राहिलंच. बाहेरच्याला वाटतं, भंगार म्हणजे रद्दी-पत्रा. इथे भंगाराचा ठेका म्हणजे सत्ता. तो कुणाला मिळतो, कुणाच्या दबावाने मिळतो, माथाडीच्या नावाखाली कोण कुणाकडून काय वसूल करतो, यावर गुन्हे दाखल झालेत, टोळ्या उभ्या राहिल्यात. पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं १५ ऑगस्ट २०१८ रोजी. आयुक्तालय आलं, ठाणी वाढली, चौक्या वाढल्या. रहस्यकथेतला इन्स्पेक्टर मात्र अजून मुंबईतच ड्यूटी करतोय.

पाण्याचंही तेच. पवनेचं पाणी बंद नळातून शहराला आणायच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले. नळ उघडताना हे किती जणांना आठवतं? आणि इंद्रायणी. आळंदीत तिच्यावर पांढरा फेस तरंगतो. वारकरी त्याच पाण्यात हात जोडून उतरतात. हा फेस रात्री कोण सोडतं, ही कादंबरी आहे की नाही? मी तर म्हणतो, पाचशे पानांची आहे.

एका ठिकाणी मात्र पेन जपून धरावं लागेल. ८ डिसेंबर २०२३. तळवडे. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या शोभेच्या मेणबत्त्या तयार करणाऱ्या कारखान्यात आग लागली. त्याच दिवशी सहा महिला गेल्या. भाजलेल्यांपैकी आणखी काही जणी पुढच्या दिवसांत. या घटनेवर थरारपट काढू नका. पण एक रहस्यकथा जरूर लिहा, जिच्यात कुणीतरी एकच प्रश्न लावून धरतो. वस्तीत असा कारखाना चालतो हे कुणाकुणाला माहीत होतं? प्रत्येक पानावर एक नाव वाढत जाईल.

अशा कथेत खुनी शेवटच्या पानावर एकटा सापडत नाही.

इतिहास हवा? तोही दाराशी आहे. चाकणच्या मधोमध संग्रामदुर्ग. १६६० मध्ये शाइस्तेखानाची अफाट फौज आणि आत फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसांनिशी. ऐन पावसाळा. जवळजवळ दोन महिने किल्ला पडेना. शेवटी खानाने भुयार खणलं आणि बुरूज सुरुंगाने उडवला. मग फिरंगोजीला चाकरी देऊ केली. त्याने नाकारली. वेढा, भुयार, स्फोट, प्रलोभन. किल्ल्याशेजारून रोज हजारो माणसं कंपनी बसमधून जातात आणि मोबाइलवर परक्या देशातल्या किल्ल्यांच्या मालिका बघतात.

चिंचवडला या. २२ जून १८९७. प्लेगच्या साथीत घरात घुसून झडत्या घेणाऱ्या इंग्रज अधिकारी रँडवर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर दबा धरला. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रात्र. खुणेचा शब्द ठरलेला, 'गोंद्या आला रे'. रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट पडले. पुढे फितुरी, तुरुंग, फितुरांचा खून, फाशी. तीन भाऊ एकामागून एक. यात कल्पनेचा एक थेंब मिसळायची गरज नाही. आम्ही त्यांचा पुतळा उभारला, चौकाला नाव दिलं आणि सिग्नल बसवला.

आता महिनाभर वाचलेल्या पुस्तकांवरही दोन गोष्टी बोलायलाच हव्यात, कारण सगळं गोड नाही.

जुन्या रहस्यकथेतली बाई एकतर फसलेली असते, नाहीतर फसवणारी. भयकथेत ती एकतर झपाटलेली असते, नाहीतर झपाटणारी. तिसरी बाई नाहीच. जी असेंब्ली लाइनवर आठ तास उभी राहते, संध्याकाळी मेसचे डबे करते आणि सुपरवायझरच्या नजरेवरून शिफ्ट कशी जाणार ते ओळखते, ती कुठाय? गुन्हा उघडकीला आणायला याहून तयार नजर कुणाची असेल?

गुप्तहेरही ठरावीक. श्रीमंत, अविवाहित, दिमतीला नोकर, गाडी वेगवान. भाडं थकलेला गुप्तहेर महिनाभरात मला भेटला नाही. शिरवळकरांनी पुण्याची पोरं, कट्टे, भाषा आणली म्हणून ते आजही ताजे वाटतात. 'दुनियादारी' ही रहस्यकथा नव्हे, पण ती लिहिणाऱ्याने रस्त्यावरची बोली रहस्यकथेतच घासून घेतली होती. बाकी अनेकांची पात्रं अशी बोलतात की घाबरल्यावरसुद्धा व्याकरण चुकत नाही.

इन्स्पेक्टर मठ्ठ असणं हे तर आता थांबवाच.

विज्ञानकथेची तक्रार वेगळी. ती अंतराळात फार रमते. आमच्या पेंट शॉपमध्ये रोबो येऊन किती वर्षं झाली! त्याच्या पिंजऱ्याबाहेर उभा राहून त्याचं काम बघणारा, पूर्वी तेच काम हाताने करणारा माणूस, हा विज्ञानकथेचा नायक नाही तर कोण? परग्रहावरचा पाहुणा कधी यायचा तेव्हा येवो. हा पाहुणा आधीच येऊन कामाला लागला आहे.

मग लोक लगेच विचारतात, कामगार वाचतो कुठे?

हा प्रश्न विचारणाऱ्याने रात्री दोनला एमआयडीसीच्या कुठल्याही गेटवर जावं. वॉचमन खुर्चीत बसलेला असतो, कानात इअरफोन. गाणी ऐकत नसतो. भुताच्या गोष्टी ऐकत असतो. यूट्यूबवर मराठी भयकथा सांगणारे खंडीभर आवाज आहेत. ऐकणारे रात्रपाळीवाले, ट्रकवाले, स्टाफ बसमधून डुलक्या खात घरी निघालेले. ज्याला आपण वाचत नाही म्हणून मोडीत काढलं, तो अंधारात एकटा बसून गोष्ट ऐकतो. भयकथेला यापेक्षा चांगला श्रोता कुठल्या काळात मिळाला होता?

त्याला ऐकवतो काय? तर पडका वाडा आणि विहीर.

त्याच्या पाठीमागे बंद शेड आहे, शेडमध्ये अर्धवट उघडं शटर आहे, शटरच्या आत कुणी नसताना फोर्कलिफ्टचा रिव्हर्सचा आवाज येतोय. ही गोष्ट त्याला कुणी सांगत नाही.

वाचनालयांचं दुखणं वेगळंच. शहरात अनेक ठिकाणी वाचनालय म्हणजे आता अभ्यासिका. टेबलं भरलेली असतात, पुस्तकं स्पर्धा परीक्षेची. पोरं जीव तोडून अभ्यास करतात, त्यांच्याबद्दल एक शब्द वाकडा नाही. पण कथा-कादंबऱ्यांचं कपाट कुलूपबंद आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे, हे कशासाठी? मी मागून घेतलेल्या धारपांच्या एका जुन्या प्रतीला दोनदा बांधणी केलेली होती. कापडी कणा, आत जाड पुठ्ठा, कडेला आधीच्या वाचकांच्या अंगठ्यांनी काळी पडलेली पानं. त्याच कपाटातल्या मान्यवरांच्या कोऱ्या ग्रंथांची पानं एकमेकांना चिकटलेली. मतं मोजायची झाली तर ही घ्या, मोजून झाली.

धारपांची पुस्तकं साकेत प्रकाशनाने नव्याने काढली आहेत. ती नव्या पिढीने घेतली, समाजमाध्यमांवर त्यांच्याबद्दल भांडणं झाली, हे मला फार मोलाचं वाटतं. लेखक वारल्यावर त्याच्या पुस्तकावरून तरुण पोरं भांडतात, याहून मोठा पुरस्कार मला माहीत नाही.

मुंबईच्या गिरणगावाला त्याचा लेखक मिळाला. जयंत पवारांनी संपाने उद्ध्वस्त झालेल्या घरांतून गुन्हेगारीकडे सरकणारी पोरं दाखवली आणि त्या कथा वाचताना थरार आणि साहित्य अशी वाटणी करताच येत नाही. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'ला २०१२ मध्ये साहित्य अकादमीही मिळाली. पण गिरण्या बंद पडल्या, त्यानंतर ते लिहिलं गेलं. आमचे कारखाने चालू आहेत. भोंगा वाजतो आहे. माणसं आत आहेत. राख व्हायची वाट कशाला बघायची?

बाहेरचा लेखक इथे येऊन दोन दिवसांत हे लिहील, अशी आशा मला नाही. त्याला शेड दिसेल, चिकटपट्टी दिसणार नाही. हे लिहील तो आतलाच कुणीतरी. सीएनसीवर सायकल चालू असताना त्याला दोन-चार मिनिटं मोकळी मिळतात. क्वालिटीत बसून नाकारलेल्या पिसांवर लाल खूण करणारी कुणी लिहील. स्टोअरमधला लिहील, कारण काय आत आलं आणि काय बाहेर गेलं हे फक्त त्याला ठाऊक असतं. रात्री फेऱ्या मारणाऱ्या कंटेनरचा ड्रायव्हर लिहील.

तर या पट्ट्यातल्या तरुण वाचकांना एवढंच सांगायचं आहे. 'धनंजय' हा दिवाळी अंक १९६१ पासून रहस्य आणि भय यांना हक्काची जागा देत आला आहे. इतरही अंक अशा कथांच्या शोधात असतात. दिवाळीची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा आत्ताच बसा. मोबाइलवर लिहिलंत तरी चालेल. बोली तुमचीच ठेवा, मराठवाडी असो की खेड तालुक्याची. कंपनीचं नाव घालू नका, सुपरवायझरचं तर मुळीच नको. स्वतःचं नाव द्यायची भीती वाटत असेल तर टोपणनाव घ्या. नारळीकरांनीही घेतलं होतं.